सतराव्या प्रश्नातली लाट

२४ नोव्हेंबर २०२५, सोमवार

संपले एकदाचे पेपर! एक्केचाळीस पेपर, प्रत्येकात पन्नास प्रश्न. मान मोडून आली. पण संचिता पहिली! पन्नासपैकी सेहेचाळीस. दुसरा तो दत्तप्रसाद सरांच्या तुकडीतला ओंकार — पंचेचाळीस. एका गुणाने का होईना, पहिली ती पहिली. पेपरावर नाव नसतं, नुसता नंबर. त्यामुळे शेवटी यादी लावली तेव्हाच कळलं, आणि मी एकटीच खुर्चीत टाळी वाजवली. शिकवणीतली माझी मुलगी!

मुंबईच्या ग्रामस्थ मंडळाच्या या परीक्षेला आमच्याकडे बोर्डापेक्षा जास्त मान. तिथले गाववाले दर वर्षी बारावीतलं एकच मूल निवडतात. त्याचं चार वर्षांचं इंजिनीअरिंग — राहणं, जेवण, फी, सगळं त्यांच्याकडे. परीक्षेला गणिताचा एकच पेपर; यंदा तो काढायला मला सांगितलं, तासिकेवरच्या बाईला! निकाल सात डिसेंबरला देवळात, मंडळी जत्रेला आली की. तोवर तोंड बंद ठेवायचं.

तोंड बंद! आणि मी काय केलं? संध्याकाळी तिठ्यावर संचिताची आई भेटली. यशोदा. काजूच्या कारखान्यातून येत होती, बोटं डिकाने काळी. "काय बाई, आमच्या चेडवाचा काय?" एवढंच विचारलं तिने. माझ्या तोंडून गेलं, "पेढे आणून ठेव." ती भर रस्त्यात रडायला लागली. "नायतर माझ्याच बाजूक बसतली होती ती कारखान्यात," म्हणाली.

२५ नोव्हेंबर

कशाला सांगितलं मी! जीभ आहे की काय आहे.

२६ नोव्हेंबर, बुधवार

आज कॉलेजच्या फलकावर उत्तरांची यादी लावली. अर्ध्या तासात ओंकार स्टाफरूममध्ये हजर. हा मुलगा मला आवडत नाही, लिहूनच टाकते. चप्पल घासत चालतो, बोलताना नजर खिडकीबाहेर. वडलांच्या पर्यटकांसाठीच्या दोन होड्या, सहा खोल्या, आणि मामा आमच्या संस्थेचे सेक्रेटरी. म्हणजे बोलायला नको.

"मॅडम, सतरावो प्रश्न. तुमचा उत्तर चुकीचा आसा."

मी म्हटलं, "अरे वा! पेपर मी काढला, उत्तर तू ठरवणार?"

"माझो पेपर काढून बघा," म्हणाला, आणि गेला. 'बघा' म्हणे! मला!

सतरावा म्हणजे पेपरातला सगळ्यात सोपा प्रश्न. एक नागमोडी रेघ काढलेली. ती फंक्शन आहे की नाही — होय, नाही. गुण फुकट द्यायला घातलेला. त्याचा पेपर काढणार नाही मी. आज तर नाहीच.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

काढला.

रेघेवर त्याने पेन्सिलने एक उभी रेष मारली आहे. अगदी बारीक. जिथे जिथे ती वक्राला कापते तिथे ठिपका. एक, दोन, तीन. बाजूला 'नाही'वर खूण. आणि या सगळ्यावरून माझी लाल फुली! बघितलंच नव्हतं मी. उत्तरं हाताशी घेऊन भराभर फुल्या मारत सुटले होते.

वर्गात घसा फोडून सांगते ना मी — फंक्शन म्हणजे एका x ला एकच y. आकृती दिली की डोकं खाजवू नका, पट्टी उभी धरा आणि डावीकडून उजवीकडे सरकवा. रेघेला ती कुठेही एकापेक्षा जास्त ठिकाणी शिवली की संपलं, फंक्शन नाही. इतकं सोपं. पट्टी घेतली. लाटेच्या माथ्यापुढे धरली. वर कड. तिच्याखाली पोट. त्याखाली पुन्हा पायथा. तीन.

नाही, पण जेलपेनची रेघ जाड. भिंग आणलं आईचं, पोथी वाचायचं. रेघेची डावी कड धरून बघितलं, उजवी कड धरून बघितलं, मधोमध बघितलं. खिडकीशी नेलं. एकदा तर पट्टी जराशी तिरकी धरून बघितली — तेव्हा एकच! लाज वाटली. मग वाटलं, झेरॉक्सवाल्याने घोळ केला असेल. कागद सरकतो कधी कधी. मूळ प्रत कॉलेजात, माझ्या कपाटात आहे. उद्या बघते. झेरॉक्सच असणार!

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

झेरॉक्स नव्हे. मूळ प्रतीतही तीन.

आणि कसं झालं ते लक्षात आलं. आकृती छापायला कॉम्प्युटरवर वेळ लागत होता म्हणून मी हाताने काढली. आमच्या पडवीत बसून. समोर समुद्र. नागमोडी रेघ काढायची म्हणजे माझ्या हाताला एकच येतं — लाट. पुस्तकातली लाट दोन्ही अंगांनी सारखी, सरळ वर जाते, सरळ खाली येते. आमच्या किनाऱ्याला लागणारी लाट तशी कधीच नसते. ती पुढे झुकते, माथा पुढे येतो आणि पोट आत जातं. मी तीच काढली. जन्मभर बघितली ती! सातारा-सोलापूरच्या कुठल्या बाईने काढली असती तर सरळ आली असती. डोक्यात मात्र होतं 'ही साइनची रेघ', आणि उत्तर लिहिलं 'होय'.

एक्केचाळीस पेपर पुन्हा चाळले. चाळीस जणांनी 'होय'. एकट्या ओंकारने 'नाही'.

म्हणजे हिशोब असा — ओंकारचा एक वाढणार, संचिताचा एक जाणार. तो सेहेचाळीस, ती पंचेचाळीस.

जेवण गेलं नाही. आई विचारते, "काय झाला गो?" काय सांगू?

२९ नोव्हेंबर, शनिवार

दत्तप्रसाद सरांना दाखवलं. दुसऱ्या कोणाला दाखवणार? वीस वर्षं शिकवतायत, माणूस सरळ. त्यांनी चष्मा वर केला, पट्टी लावली, आणि हसले. "अनुजा, समुद्रावर राहण्याचे परिणाम!"

मग दार लोटून घेतलं आणि म्हणाले, "एवढं काय मनाला लावून घेतेस? आकृती अस्पष्ट होती म्हण आणि प्रश्न रद्द कर. बोर्डात होतं तसं."

मी मनात आकडे मांडले. प्रश्न रद्द — संचिता पंचेचाळीस, ओंकार पंचेचाळीस. सारखे. आणि गुण सारखे झाले तर मंडळाचा नियम आहे, ज्या घरात मिळकत कमी त्या घरातलं मूल.

सरांनी माझ्या तोंडाकडे बघून ओळखलं. "बघ, कोणाचं वाटोळं होत नाही. त्याच्या बापाकडे सहा खोल्या आहेत."

सुटले! इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू! येताना बाजारातून सुरमईसुद्धा घेतली.

३० नोव्हेंबर, रविवार

सकाळी यशोदा संचिताला घेऊन आली. डब्यात खापरोळ्या आणि नारळाचा गूळ घातलेला रस. "बाई, माझ्या चेडवाचा भला केलात. ह्यो उपकार कसो फेडू?" मी उपकार नव्हे उपकार नव्हे म्हणत राहिले. संचिता खाली मान घालून बसली होती. एरवी किती बोलते! आज एक शब्द नाही. लाजली असेल.

त्या गेल्यावर मंडळाला पत्र लिहायला घेतलं. 'प्रश्न क्र. १७ मधील आकृती अस्पष्ट असल्याने—' इथे पेन अडकलं.

अस्पष्ट कुठे आहे? लख्ख आहे! पेन्सिलीची एक रेष मारली की पोरालासुद्धा दिसतं. दोन दिवस मी भिंग घेऊन तीच मोजतेय, तेव्हा नाही अस्पष्ट वाटली ती. हे काही कवितेचं रसग्रहण नाही, की तुम्हालाही बरोबर, आम्हालाही बरोबर. ती रेघ फंक्शन नाही. मग पत्रात काय लिहू?

पण खापरोळ्या समोर होत्या. एक खाल्ली. पत्र तसंच ठेवून दिलं.

१ डिसेंबर, सोमवार

ठरवलं होतं सकाळी. खरंच ठरवलं होतं. चूक माझी, उत्तर 'नाही', असं सरळ लिहायचं.

आणि दुपारी हरिश्चंद्ररावांचा फोन! ओंकारचे मामा. संस्थेचे सेक्रेटरी. अगदी शुद्ध मराठीत बोलतात ते, ऑफिसात बसल्यासारखे. "अनुजा मॅडम, भाच्याच्या बाबतीत मी एक शब्द बोलणार नाही. ते तुमचं क्षेत्र. फक्त आठवण केली — कायम जागेची तुमची मुलाखत वीस तारखेला आहे ना?"

बस. एवढंच. 'एक शब्द बोलणार नाही' म्हणे!

आता तर मुळीच नाही! मरू दे ती पट्टी! प्रश्न रद्द, संचिता पहिली, आणि मुलाखतीत मला पाडा, घाला त्या नोकरीत मिरची! पाच वर्षं तासावर काढली, आणखी पाच काढेन. माझ्या डोक्यात नुसता जाळ झालाय. त्या माणसाला काय वाटतं, मी विकाऊ आहे?

२ डिसेंबर

संताप उतरला. उतरल्यावर फार वाईट वाटतं.

मामाने फोन केला म्हणून रेघ सरळ होत नाही. फोन आला म्हणून 'होय' म्हणणं आणि फोन आला म्हणून 'नाही' म्हणणं, दोन्हीत मी रेघेकडे बघतच नाहीये. नंबरवर पेपर तपासले म्हणून ऐटीत होते मी. आता मला दोन्ही नंबरांची तोंडं दिसतात, आणि एक तोंड मला आवडतं.

पण खरं सांगितलं तर गाव काय म्हणेल? बाईने नोकरीसाठी सेक्रेटरीच्या भाच्याला वर काढलं. दुसरं काही म्हणणारच नाही. मीही म्हटलं नसतं.

३ डिसेंबर

भिंग आईला परत दिलं.

४ डिसेंबर, गुरुवार

पत्र टाकलं. चार ओळी. 'प्रश्न क्र. १७ मधील वक्र फंक्शन नाही. आकृती स्पष्ट आहे. उत्तरतालिकेतील उत्तर चुकीचे असून ती चूक माझी आहे. सुधारित गुण सोबत जोडले आहेत.' टाकण्याआधी दत्तप्रसाद सरांना वाचून दाखवलं. त्यांनी कागद घडी घालून परत दिला. मग म्हणाले, "मुलाखत तरी सोडू नकोस."

नाही सोडणार. मी काही संत नाही. मला ती नोकरी हवी आहे, आणि मी त्यांच्यासमोर बसून ती मागणार.

संध्याकाळी यशोदाच्या घरी गेले. निकालाच्या आधी मीच सांगायला हवं होतं — आधीचंही मीच सांगितलं होतं ना! घराला कुलूप. शेजारीण म्हणाली, मायलेकी कुडाळला गेल्यात, संचिताला मुंबईसाठी बॅग घ्यायला. बॅग! पायरीवर थांबायला हवं होतं मी. नाही थांबले. भित्री कुठली! पळत घरी आले.

७ डिसेंबर, रविवार

निकाल लागला.

देवळाच्या सभामंडपात सगळा गाव. अध्यक्षांनी माझं पत्रच वाचून दाखवलं, शब्दन् शब्द. मग ओंकारचं नाव घेतलं. टाळ्या पडल्या, पण अर्ध्याच. पहिल्या रांगेत हरिश्चंद्रराव माझ्याकडे बघून हसले. त्या हसण्याने माझं वाटोळं केलं. सगळ्यांनी बघितलं ते.

यशोदा उठून माझ्यासमोर आली. नवी साडी नेसली होती. ओरडली नाही. "नोकरी पक्की झाली मां गो तुझी?" म्हणाली.

कालपर्यंत मी 'तुमी' होते.

मी म्हटलं, "यशोदा, चूक माझी होती, मी येणार होते घरी सांगायला—" ती ऐकायला थांबली नाही. संचिता तिच्या मागे उभी होती. ती माझ्याकडे बघत होती, रडत नव्हती, रागावलेलीही नव्हती. मला वाटलं काहीतरी बोलेल. आईने दंडाला धरून नेलं तिला.

घरी येऊन खूप रडले. खरं वागल्यावर बरं वाटतं म्हणतात. मला नाही वाटलं.

९ डिसेंबर, मंगळवार

ओंकार पेढे घेऊन आला. चप्पल घासतच. मी पेढा घेतला नाही, मग घेतला. म्हटलं, "मामांना फोन करायला तू सांगितलं होतंस?"

तो एकदम लाल झाला. "मामान फोन केलो? तुमका?" पहिल्यांदा त्याने माझ्याकडे सरळ बघितलं. "माका ठावक नाय मॅडम. आवशीची शपथ. मी पट्टी लावलंय, माका तीन दिसले, मी 'नाही' लिवलंय. बाकी काय नाय."

मग सांगत बसला. वडील त्याला कॉलेजला पाठवणारच नव्हते. होडीवर बस म्हणत होते, पर्यटकांना डॉल्फिन दाखव. मंडळाने नाव घेतलं, चारचौघांत इज्जत झाली, म्हणून सोडतायत. मला हे काहीच माहीत नव्हतं. सहा खोल्या तेवढ्या माहीत होत्या!

तरीही आवडत नाही तो मला फारसा. पण मघापेक्षा बरा.

११ डिसेंबर

शिकवणीला सातजण आले. संचिता नाही. चौथा दिवस. तिची जागा रिकामी ठेवली, कोणाला बसू दिलं नाही.

ऐकलं की यशोदाने कारखान्यात तिच्यासाठी शब्द टाकलाय, बारावी झाली की. मी दोन ठिकाणी फोन केले, रत्नागिरीला आणि कोल्हापूरला. फीमाफीच्या जागा असतात काही, चौकशी चालू आहे. हातपाय हलवल्याशिवाय बसवत नाही.

१४ डिसेंबर, रविवार

संचिता आली. एकटी. पायरीवरूनच बोलली, आत आली नाही.

"मॅडम, आये बोलता ता मनाक लावन घेव नका. तुमी बरोबर केलात. माका पण तीनच दिसले होते. मीय पट्टी लावली होती."

मला कळेचना. म्हटलं, मग 'होय' का केलंस?

"ती लाट तुमी काढलेली, मॅडम. माका तुमचो हात कळता. म्हटला, मॅडमांका 'होय' म्हणूचा आसतला. तुमका जा होया ता मी लिवलंय."

मी विचारलं, "मला हवं ते असं कधीपासून लिहितेस गो?"

"आठवीपासून," म्हणाली. "तुमी शिकवूक लागलात तेव्हापासून."